छाप वाचा, मग भांडं वाचा: जुनी स्टर्लिंग चांदी जमवण्याचं मार्गदर्शन

जुन्या चांदीच्या वस्तू जमवू लागलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा: "ही खरी चांदी आहे का?" प्रश्न रास्त आहे, पण या छंदातला सगळ्यात सोपाही तोच. छाप ओळखता आले की त्याचं उत्तर बहुतेक वेळा भिंगाखाली काही मिनिटांत मिळतं. अवघड प्रश्न त्यानंतरचा आहे. हे भांडं घडलं तेव्हा असंच होतं का? झाकण त्याचंच आहे का? तोटी नंतर जोडलेली तर नाही? मधल्या दीड-दोनशे वर्षांत कोणी त्यावरचं नाव घासून काढलं का? चांदी शंभर नंबरी खरी आणि वस्तू मात्र बिघडवलेली, असं या बाजारात पुष्कळ दिसतं. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी छाप वाचायचा, मग भांडं वाचायचं, आणि दोघांचं म्हणणं जुळलं तरच भाव विचारायचा.

कस कोणता, मुलामा कोणता

स्टर्लिंग म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी. उरलेले ७५ भाग सहसा तांब्याचे. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की तिचा काटा सहज वाकेल, म्हणून ही भेसळ गरजेची. इंग्लंडमध्ये १६९७ ते १७२० या काळात याहून उंच कस सक्तीचा होता. त्याला ब्रिटानिया कस म्हणतात, त्यात चांदी ९५८ भागांच्या थोडी वर असते. त्या वर्षांतल्या भांड्यांवर सिंहाऐवजी बसलेल्या ब्रिटानियाची आकृती दिसते. युरोपात इतरत्र ८००, ८३० आणि ८३५ हे आकडे भेटतात. फ्रान्समध्ये १८३८ पासून मिनर्व्हा देवीच्या मुखवट्याचा छाप आहे आणि तिथला वरचा कस ९५०. जुन्या रशियन भांड्यांवरचा ८४ हा आकडा वेगळ्या मोजणीतला, म्हणजे आपल्या हिशेबाने ८७५. ही सगळी खरी चांदीच आहे. फक्त ती स्टर्लिंग नाही, आणि विकणाऱ्याने ती स्टर्लिंग म्हणून विकू नये.

मुलाम्याचे दोन प्रकार वेगळे ओळखता यायला हवेत. शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरने १७४० च्या दशकात तांब्याच्या लादीवर चांदीचा पत्रा तापवून चिकटवण्याची युक्ती काढली. तिला जुनी शेफील्ड प्लेट म्हणतात. झिजलेल्या कडांवर तिच्यातून तांबूस रंग डोकावतो, आणि तिचा स्वतंत्र संग्रह करणारे लोकही आहेत. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर ई.पी.एन.एस. ही अक्षरं असलेली भांडी ढिगाने आली. ई.पी.एन.एस. म्हणजे निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा पातळ थर. 'जर्मन सिल्व्हर' या नावाच्या धातूत तर चांदी औषधालाही नसते. तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मेळ आहे.

ब्रिटिश छाप: पाच खुणा एकत्र वाचणं

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि तिरपा उजेड, एवढं पुरतं. समोरून पडणारा उजेड चांदीवर चकाकतो आणि छाप दिसेनासा होतो.

ब्रिटिश भांड्यावर चार किंवा पाच खुणा असतात. चालणारा सिंह कस सांगतो. तो १५४४ पासून लंडनच्या भांड्यांवर आहे. शहराची खूण वेगळी: लंडनची बिबट्याचं मुख, बर्मिंगहॅमची जहाजाचा नांगर, शेफील्डची १९७४ पर्यंत मुकुट आणि त्यानंतर गुलाब, एडिंबराची तीन बुरुजांचा किल्ला. डब्लिनच्या भांड्यांवर मुकुटधारी वीणा असते. बर्मिंगहॅम आणि शेफील्डची परीक्षणगृहं, म्हणजे कस तपासून छाप मारणारी कार्यालयं, १७७३ ची, त्यामुळे त्याआधीच्या म्हणून सांगितलेल्या भांड्यावर नांगर दिसला तर तिथेच थांबावं. तिसरी खूण वर्षाच्या अक्षराची, चौथी कारागिराच्या आद्याक्षरांची. पाचवी म्हणजे राजाचं किंवा राणीचं मस्तक. कर भरल्याची ती खूण १७८४ च्या डिसेंबरपासून १८९० पर्यंत मारली जात होती.

नवखा माणूस वर्षाच्या अक्षरापाशी अडतो. लंडनमध्ये अक्षरांचं चक्र वीस वर्षांचं होतं, म्हणून १७७६, १७९६, १८१६, १८३६, १८५६, १८७६, १८९६ या सगळ्या वर्षी 'ए' हेच अक्षर आलं. अक्षराचं वळण आणि भोवतालच्या ढालीचा आकार बदलतो, पण झिजलेल्या छापावर तो फरक लागत नाही. अशा वेळी बाकीच्या खुणा मदतीला येतात. बिबट्याच्या डोक्यावर मुकुट आहे आणि मस्तकाची खूण नाही, तर ते १७७६ किंवा त्याआधीचं. मुकुट आणि मस्तक दोन्ही असतील तर १७९६ किंवा १८१६. लंडनच्या बिबट्याचा मुकुट १८२१ मध्ये गेला, म्हणून मुकुट नाही पण राजाचं मस्तक आहे असं भांडं १८३६ चं. मस्तक राणीचं, डावीकडे पाहणारं असेल तर १८५६ किंवा १८७६. मुकुटही नाही आणि मस्तकही नाही, म्हणजे १८९६ किंवा पुढचं. एक अक्षर पाहून तक्ता उघडणाऱ्यापेक्षा पाचही खुणा एकमेकींशी ताडून पाहणारा फार कमी चुकतो. शिवाय अक्षर वर्षाच्या मध्यात बदलत असे, म्हणून जाणकार "१७९६" न लिहिता "१७९६-९७" लिहितात. १९९९ पासून वर्षाचं अक्षर ऐच्छिक झालं आहे.

अमेरिकेत अशी देशव्यापी परीक्षणगृहं नव्हती. तिथे एकोणिसाव्या शतकात बराच काळ सुमारे ९०० कसाची चांदी चालली, तिला 'कॉइन सिल्व्हर' म्हणतात. टिफनीने १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि गोरहॅमने १८६८ मध्ये स्टर्लिंगचा कस स्वीकारला. १९०६ मध्ये छापाबद्दलचा केंद्रीय कायदा आला. त्यामुळे अमेरिकी वस्तूवर 'स्टर्लिंग' हा शब्द आणि कारखान्याची खूण शोधायची. गोरहॅमची खूण सिंह, नांगर आणि 'जी' अक्षर अशी आहे. ती पाहून पुष्कळ जण वस्तू बर्मिंगहॅमची समजतात. मुलाम्याच्या काही कारखानदारांनीही छोट्या ढालींत अक्षरं बसवून लांबून हॉलमार्क वाटतील अशा ओळी मारल्या. त्या ओळीत सिंह नाही, 'स्टर्लिंग' नाही, ९२५ ही नाही, तर ओळ कितीही रुबाबदार असो, तो मुलामाच धरून चालावं.

भांडं स्वतः काय सांगतं

हा भाग सगळ्यात मोलाचा. इथे घाई करू नये.

पहिलं काम बोटांचं. भांड्याच्या पोटावरून अंगठा आणि तर्जनी आत-बाहेर फिरवा. पत्र्याची जाडी सावकाश बदलली पाहिजे. एखाद्या ठिकाणी पत्रा अचानक पातळ लागला, दाबल्यावर किंचित दबला, तर तिथे पूर्वी कुलचिन्ह किंवा नाव होतं आणि ते खरवडून काढलं आहे. त्या जागी तोंडाची वाफ द्या. वाफ विरताना जुन्या कोरीव रेषांची किंवा डाखाची सीमा पुष्कळदा क्षणभर दिसते. मूळ मालकाचं कोरीव नाव पाहून नाक मुरडणारे ग्राहक मला कधी समजले नाहीत. त्या काळातलं सुबक कोरीवकाम वस्तूची किंमत वाढवतं, आणि ते काढल्यावर उरणारा पातळ पत्रा कायमचा अधू राहतो.

दुसरं, तळ पाहा. अठराव्या शतकातल्या भांड्यांच्या तळाशी टोचून लिहिलेले आकडे सापडतात, उदाहरणार्थ १८ आणि ६. ते त्या वेळचं वजन असतं: अठरा ट्रॉय औंस, सहा पेनीवेट. एका ट्रॉय औंसात वीस पेनीवेट आणि ३१.१ ग्रॅम, म्हणजे भांडं जवळपास ५६९ ग्रॅमचं होतं. आज ते ५५५ भरलं तर ती पॉलिशची घट, चालण्यासारखी. ४८० भरलं तर झाकण गेलं असावं किंवा काहीतरी कापलं गेलं असावं. आणि ६४० भरलं तर जास्तीची चांदी आली कुठून? कोणीतरी तोटी किंवा मूठ जोडली आहे. त्या जुन्या ओरखड्यांइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा मिळत नाही.

टँकार्ड म्हणजे झाकणाचा बिअरचा मोठा पेला. व्हिक्टोरियाच्या काळात असे अनेक पेले तोटी बसवून सुरया केले गेले, साध्या पृष्ठभागावर फुलापानांची नक्षी उठवली गेली. अठराव्या शतकातल्या साध्या जेवणाच्या चमच्यांवर फळांची नक्षी ठोकून आत सोन्याचं पाणी दिलं गेलं. हे चमचे 'बेरी स्पून' म्हणून आजही विकले जातात. ते सुंदर दिसतात, घ्यायलाही हरकत नाही, पण छाप अठराव्या शतकाचा आणि नक्षी एकोणिसाव्या, हे ठाऊक ठेवून घ्यावं. ब्रिटनमध्ये जुन्या भांड्यावर परीक्षण न झालेली भर असेल तर ते तसं विकणं बेकायदेशीर आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीची जुन्या भांड्यांसाठीची एक समिती अशा संशयित वस्तू तपासते.

छापाची जागाही बोलते. चमच्यांवर १७८० च्या आसपासपर्यंत छाप दांड्याच्या खालच्या भागात, वाटीजवळ मारत. पुढे ते दांड्याच्या टोकाकडे गेले. वेगळ्या होणाऱ्या प्रत्येक भागावर, म्हणजे झाकण, आतली जाळी, सुटा पेला, निदान काही खुणा हव्यात. छापाच्या भोवती डाखाची चौकट दिसली तर तो दुसऱ्या लहान वस्तूवरून कापून बसवलेला असतो. करचुकवेगिरीसाठी हा उद्योग अठराव्या शतकातही चालत असे. ओतीव नकला ओळखायला सहा काटे शेजारी ठेवा. हाताने मारलेला छाप दर काट्यावर थोडा सरकतो, थोडा कलतो. साऱ्या काट्यांवर छाप अगदी त्याच जागी, त्याच कलात आणि मऊ कडांचे असतील, वर ओरखडासुद्धा तोच असेल, तर एकाच काट्याचा साचा काढला आहे.

पृष्ठभागावर जांभळट-करडे ढग दिसले तर दचकू नका. तापवताना मिश्रणातलं तांबं पृष्ठभागाखाली जळून तसे डाग पडतात. हाताने घडवलेल्या जुन्या स्टर्लिंगवर ते असणं चांगलंच, कारण भांड्यावर नव्याने मुलामा चढवला नसल्याची ती खूण आहे. ते पॉलिशने घालवायला बसू नये. सांध्यांवरचे शिशाचे मळकट करडे ठिपके मात्र अडाण्याने केलेली दुरुस्ती सांगतात.

लोहचुंबक लावून पाहायला काही हरकत नाही, पण तो न चिकटल्याने फारसं सिद्ध होत नाही, कारण पितळ आणि निकेलच्या मिश्रधातूही त्याला दाद देत नाहीत. भरीव वस्तू असेल तर पाण्यात बुडवून घनता काढता येते: स्टर्लिंगची दर घन सेंटिमीटरला सुमारे १०.४ ग्रॅम, निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची साडेआठच्या आसपास. आम्लाची चाचणी जुन्या भांड्यावर करूच नये. शंका फार असेल तर क्ष-किरणांच्या यंत्रावर कस तपासून घ्यावा, त्याने ओरखडाही पडत नाही.

बारची भांडी: काय कुठे तपासायचं

कॉकटेल शेकरचा सुवर्णकाळ १९२० आणि १९३० चं दशक. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती आणि त्याच काळात लोकांनी घरात मिश्र पेयं बनवायला घेतली. मुलाम्याचे शेकर मुबलक आहेत, स्टर्लिंगचे त्या मानाने कमी. तीन भागांचा शेकर घेताना अंग, जाळीचं झाकण आणि वरची टोपी हे तिन्ही मूळचे एकत्र आहेत का ते छापांवरून आणि घट्टपणावरून पाहा. पाणी भरून, झाकण लावून हलवून दाखवायला सांगावं. शेकर गळत असेल तर तो शोभेच्या कपाटासाठीच. तळाच्या कडेचे लहान पोचे कुशल कारागीर काढतो, पण नक्षीवर आलेला पोचा काढताना नक्षी जाते.

खिशातल्या फ्लास्कला खाली सरकणारा पेला असतो. त्याच्या आत सोन्याचं पाणी आणि कडेला स्वतःचा छाप असावा. झाकणाची बिजागरी ढिली झाली की दुरुस्ती कटकटीची होते.

क्लॅरेट जग म्हणजे काचेचं अंग आणि चांदीचं मुख असलेली वाइनची सुरई. तिचा चांदीचा गळा पुष्कळदा प्लास्टरने बसवलेला असतो. तो हलतो का पाहा, आणि अशी सुरई पाण्यात बुडवून कधी धुऊ नका, प्लास्टर विरघळून गळा सुटतो. काचेला केसासारखी बारीक चीर असेल तर घेऊच नये.

मर्यादित पैशात सुरुवात करायची असेल तर डिकँटरच्या, म्हणजे दारू ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईच्या, गळ्यात साखळीने अडकवायच्या चांदीच्या पाट्या घ्याव्यात, असं मी आवर्जून सांगेन. १७३० च्या दशकापासून त्या मिळतात, जागा व्यापत नाहीत, आणि एकेका पाटीत कोरीवकाम, अक्षरं आणि त्या काळची पेयं असा सगळा इतिहास मावतो. पोर्ट, शेरी, मदेरा ही नावं नेहमीची. दुर्मीळ नावाला भाव जास्त. म्हणूनच साधं नाव घासून त्या जागी दुर्मीळ नाव कोरलेल्या पाट्याही फिरतात. नावाखालचा पत्रा बोटाने चाचपायचा, युक्ती तीच.

'पंच' नावाचं मिश्र पेय वाढायच्या पळीला पुष्कळदा पिळदार काळी मूठ असते, ती व्हेलच्या तोंडातल्या झालरीची. वाटीच्या तळाशी कधी जुनं नाणं बसवलेलं असतं. अशा वस्तूंना आणि हस्तिदंती मुठींना देशोदेशींचे वन्यजीव कायदे लागू होतात. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा २०२२ पासून अमलात आला. सीमा ओलांडून खरेदी करण्याआधी परवानगीची चौकशी करावी, नाहीतर वस्तू जप्त होते.

टेबलाची भांडी: काटे, चमचे, सुऱ्या

काट्यांची दातं आधी पाहा. ती झिजून आखूड होतात, मग कोणीतरी कापून सारखी करतो. दातांच्या टोकांची रेषा अगदी सपाट आणि दातं बुटकी दिसली तर तो काटा सोडून द्या. चमच्याचं टोक डावीकडे झिजलेलं असेल तर तो उजव्या हाताने वर्षानुवर्षं वापरलेला आहे. जुने काटे चमच्यांपेक्षा अवघडच मिळतात, त्यामुळे चांगल्या संचाचा भाव काट्यांवर ठरतो.

एकाच कारागिराचा, एकाच वर्षाचा संच महाग असतो. एकाच आकृतिबंधातले वेगवेगळ्या वर्षांचे नग जमवून केलेला संच स्वस्त पडतो आणि जेवणाच्या टेबलावर तितकाच देखणा दिसतो. ओल्ड इंग्लिश, फिडल, किंग्ज हे ब्रिटिश आकृतिबंध किंवा गोरहॅमचा १८९५ चा शँटिली, रीड अँड बार्टनचा १९०७ चा फ्रान्सिस द फर्स्ट घेतला तर सुटे नग पुढेही मिळत राहतात. अमेरिकी काटे दोन आकारांत येतात, मोठा डिनर आणि थोडा लहान प्लेस. सुटे नग घेताना लांबी मोजून घ्यावी, नाहीतर टेबलावर सहा काटे दोन उंचींचे दिसतात.

सुऱ्यांच्या मुठी पोकळ असतात, आत राळेचं मिश्रण भरलेलं. गरम पाण्यात राळ सुटते आणि पातं हलू लागतं. पातं स्टेनलेस स्टीलचं असेल तर ते विसाव्या शतकातलं, मूठ त्याहून जुनी असली तरी.

वजन आणि भाव

मोडीचा भाव हा तळाचा दगड. ६२० ग्रॅमच्या भांड्यात ६२० गुणिले ०.९२५, म्हणजे साडेपाचशेच्या वर, ५७३.५ ग्रॅम शुद्ध चांदी असते. हा हिशेब दुकानातच करता आला पाहिजे. पण मेणबत्तीदान आणि काही पेले यांच्या तळावर 'वेटेड' किंवा 'रीइन्फोर्स्ड' लिहिलेलं असतं. तिथे आतला बहुतेक भार सिमेंट, राळ किंवा लोखंडी दांड्याचा असतो आणि चांदी पापुद्र्यासारखी. पोकळ मुठींच्या सुऱ्यांचंही तेच. असे नग वजनावर कधी घेऊ नयेत.

मोडीच्या वरची किंमत कारागीर, दुर्मिळता आणि मूळपणा यांची. पॉल स्टोरसारख्या नामवंत कारागिराच्या भांड्याला किंवा १७६१ मध्ये स्वतःची खूण नोंदवणाऱ्या हेस्टर बेटमनच्या चहादाणीला मोडीचा भाव लावत नाहीत. मात्र १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेला तेव्हा साधी, निनावी पण घट्ट घडणीची कितीतरी भांडी वितळवली गेली. भाव चढला की आजही हेच होतं. म्हणून साध्या, धडधाकट, मूळ रूपातल्या भांड्याला कमी लेखू नये.

लांबून खरेदी करताना विक्रेत्याकडून या गोष्टी मागाव्यात: सगळ्या छापांचं तिरप्या उजेडातलं जवळचं चित्र, ग्रॅममध्ये वजन, तळाचं आणि आतल्या बाजूचं चित्र, आणि "दुरुस्ती, खोडलेलं कोरीवकाम, नंतरची भर आहे का" या प्रश्नाचं लेखी उत्तर. जो विक्रेता यातलं एखादं टाळतो, त्याच्याकडून मोठी वस्तू घेऊ नये.

निगा

वापरणं हाच उत्तम उपाय. वापरून, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने लगेच धुऊन, मऊ सुती कापडाने पुसलेली चांदी सहसा काळी पडत नाही. काळेपणा गंधकाचा असतो, आणि अंडी, कांदा, लोकर, रबर, वर्तमानपत्राचा कागद यांतून तो येतो. चमच्यांच्या जुड्या रबराने बांधल्या तर रबराची रेघ कायमची उमटते. मीठ याहून वाईट, ते चांदीला खड्डे पाडतं. मिठाची भांडी जेवण होताच रिकामी करावीत. लिंबाचा रसही शेकरमध्ये रात्रभर ठेवू नये.

पॉलिश वर्षातून मोजक्या वेळा, फेसाचं किंवा मऊ खडूच्या पुडीचं. प्रत्येक पॉलिश थोडी चांदी आणि थोडा छाप घेऊन जातं, म्हणून छापावरून कापड फिरवताना हात हलका ठेवा. बुडवून लखलखीत करणारी द्रावणं, तसंच अ‍ॅल्युमिनियमचा कागद आणि सोडा यांचा लोकप्रिय उपाय, जमवलेल्या वस्तूंवर करू नका. नक्षीच्या खोबणीतली सावलीही त्यांनी जाते आणि भांडं पांढरं फटक, निर्जीव दिसू लागतं. सोन्याच्या पाण्यावर तर पॉलिश लावायचंच नाही. भांडी धुण्याचं यंत्र अर्थातच वर्ज्य. ठेवताना काळवंडण्यापासून वाचवणाऱ्या खास कापडाची पिशवी वापरावी आणि सोबत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी.

प्रत्येक नगाची नोंद घेतल्याच दिवशी करावी: वजन, मापं, छापांचं चित्र, कोणाकडून घेतला, काय दिलं, आणि त्या वेळी दिसलेले दोष. टोचलेलं जुनं वजन असेल तर तेही लिहावं आणि शेजारी आजचं. विम्याला, चोरी झाल्यास ओळख पटवायला आणि पुढे विकताना हीच वही लागते. कोणी घरी येऊन भांडं पाहिलं, तळ उलटा केला आणि काही नवं सांगितलं, तर तेही तारखेसह त्याच पानावर लिहावं.